मागच्या दोन सीट

गिऱ्हाइकाला गाडी देऊन तीन आठवडे झाले, तरी गॅरेजचं शटर ओढताना सीट बसवायच्या त्या लोखंडी ब्रॅकेट डोळ्यांसमोर येतात.

काम ऐकायला सोपं होतं. लांब चेसिसची फोर व्हील ड्राइव्ह, पाच सीटची, मागे मोकळा हौदा. गिऱ्हाइकाला नऊ सीट हव्या होत्या, घरचे सगळे एकाच गाडीत मावावेत म्हणून. मागे टेप लावला तर दोन-दोनच्या दोन रांगा बसत होत्या. मी हो म्हणून बसलो. तिथेच चुकलो. आधी वजनकाटा आणि मग टेप, हे मी स्वतः पोरांना शिकवतो.

त्यांच्या मनात आधी समोरासमोरच्या आडव्या सीट होत्या. त्याला मात्र मी पहिल्या दिवशीच नाही म्हणालो. आडव्या बसलेल्या माणसाची कंबर पट्टा धरून ठेवतो, पण जोरात ब्रेक लागला की वरचं अंग कुशीवर पुढे फेकलं जातं. लँड रोव्हरच्या डिफेंडर ११० मध्येसुद्धा मागे अशा चार सीट असायच्या. २००७ पासून त्या जाऊन पुढे तोंड असलेल्या दोनच आल्या. हे सांगितल्यावर त्यांना पटलं.

सीट बसवायची म्हणजे चार भोकं पाडायची आणि चार बोल्ट आवळायचे, असं बाहेरच्याला वाटतं. आमच्या धंद्यातही पुष्कळांना तसंच वाटतं, आणि त्याचा मला मनापासून राग येतो. फ्लोअरचा पत्रा जेमतेम एक मिलिमीटरचा असतो. त्यावर नुसता वॉशर टाकून बोल्ट आवळला तर धडकेत बोल्ट तुटत नाही, पत्रा फाडून वॉशरसकट वर येतो. सीटबेल्ट गाडीला जिथे जोडतात त्या जागांसाठी असलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या आर १४ नियमाच्या चाचणीत तीन टोकांच्या पट्ट्याला खांद्यावर आणि मांडीवर एकाच वेळी प्रत्येकी १३.५ किलोन्यूटन ओढ देतात. म्हणजे प्रत्येक ठिकाणी पावणेचौदाशे किलोंच्या आसपास, तेही एका माणसामागे. म्हणून मी आडव्या नळ्या टाकून सीटचा भार चेसिसवर नेतो, पत्र्याखाली जाड प्लेट देतो, बोल्ट हाय टेन्साइलचे वापरतो. भोक पाडण्याआधी गाडीखाली झोपून टाकी आणि ब्रेकचा पाइप कुठून जातो ते खडूने वर फ्लोअरवर उतरवतो. या कामात पोराने ब्रॅकेटचं वेल्डिंग असं सुरेख केलं होतं की ग्राइंडर लावावासा वाटेना.

मागच्या दाराचंही तसंच. हौद्याच्या दाराला आतून कडी नसते, कारण सामान कधी दार उघडत नाही. आतून उघडणारं हँडल बसवलं, मग पोराला दार लावायला सांगून मी शेवटच्या सीटवर डोळे मिटून बसलो. पहिल्या खेपेला हात नुसता पॅनेलवर फिरत राहिला. हँडल चार बोटं खाली घेतलं. दुसऱ्या खेपेला हात सरळ त्यावर पडला.

मग गाडी काट्यावर नेली. टाकी भरलेली, प्रत्येक सीटवर ७५ किलोंची वाळू. मागच्या एक्सलची, म्हणजे मागच्या दोन चाकांमधल्या दांड्याची, वजनाची मर्यादा कंपनीने गाडीवर लावलेल्या प्लेटवर १८५० किलो. काट्यावर मागची चाकं १८९०, आणि गाडीत अजून एकही बॅग नव्हती.

गिऱ्हाइकाला हे पटेना. चार माणसं म्हणजे ३०० किलो, तेवढंच वाढणार ना? तसं होत नाही. ती चार माणसं सरासरी ४५० मिलिमीटर एक्सलच्या मागे बसतात आणि दोन एक्सलमधलं अंतर २८०० च्या आसपास. तराजूच्या दांडीसारखं होतं ते. मागे ३४८ किलो चढतात आणि पुढची चाकं ४८ किलोंनी हलकी होतात, ज्यांच्यावर स्टिअरिंग आहे तीच. वर त्यांनी हौसेने बदललेल्या टायरवर लोड इंडेक्स १०४, म्हणजे एका टायरला ९०० किलो. जोडीचे १८००.

"मिस्त्री, मग स्प्रिंगचे पाटे वाढवा की."

हे वाक्य मी आयुष्यभर ऐकत आलोय. पाटा वाढवला की गाडीची शेपूट उचलली जाते, दिसायला सरळ दिसते. पण एक्सल तोच, बेअरिंग तेच, ब्रेक तेच, टायरही तेच. पाट्यांनी वजन झाकलं जातं, कमी होत नाही.

शेवटी सगळ्यात मागच्या दोन सीट मी काढल्या. जास्त लोड इंडेक्सचे टायर घालायला लावले, पुन्हा काटा केला, हेडलाइटचा झोत खाली घेतला आणि कागदावर आसनसंख्या सात लिहिली. पैसे दोन सीटचेच घेतले. ते नाराज होते, पण भांडले नाहीत.

मागच्या ब्रॅकेट कापायला कटर हातात घेतला तेव्हा ते म्हणाले, राहू द्या, फ्लोअर खराब होईल, कार्पेटखाली कुणाला दिसतंय. खोटं कशाला बोलू, पोराचं ते वेल्डिंग कापायचं माझ्याही जिवावर आलं होतं. कटर खाली ठेवला. आता त्या गाडीत दोन सीटची जागा तयार आहे, आणि ती मीच इतकी पक्की केलीय की कुणीही अर्ध्या तासात सीट चढवेल. सीट हलणार नाही, पट्टा धरेल, आणि मागचा एक्सल भरल्या गाडीत पुन्हा मर्यादेबाहेर जाईल.

काल न राहवून फोन केला. म्हटलं, रविवारी गाडी आणा, ब्रॅकेट कापून कार्पेट नवं टाकून देतो, पैसे नकोत. पलीकडे जरा वेळ कुणी बोललं नाही. मग म्हणाले, "बघू, या रविवारी सगळे बाहेर चाललोय."

किती जण, ते विचारायचं माझ्या तोंडावर आलं होतं, पण फोन ठेवला गेला होता.