पाच तारे, पण परमिशनच्या धड्याआधी दिलेले

ऑनलाइन कोर्सखाली लोकांनी दिलेले तारे मी हल्ली तारखेसकट वाचते. कोर्स सुरू करून चार दिवस झाले नाहीत तोच पाच तारे दिलेले दिसले, की पुढे सरकते. सुरुवातीला असतं तरी काय? हसऱ्या चेहऱ्याचा शिक्षक, कर्नेल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) कुठे बसतो ते दाखवणारं रंगीत ॲनिमेशन आणि डोळे झाकून सोडवली तरी पास होता येईल अशी चाचणी. त्यावर कुणीही खूश होतं.

अमळनेरात माझा कॉम्प्युटर क्लास आहे. एमएस-सीआयटी, टॅली, मराठी टायपिंग यावर आमचं घर चालतं. मागे क्लासमधल्या आणि ओळखीतल्या काही जणांनी मिळून ऑपरेटिंग सिस्टिम आणि सिक्युरिटीचा एक इंग्रजी कोर्स केला. व्हिडिओ ज्याने त्याने घरी बघायचे आणि रविवारी सकाळी क्लासवर येऊन अडलेलं बोलायचं, अशी पद्धत ठेवली. कोर्सचं नाव लिहीत नाही, कारण या जातीचे कोर्स साधारण एकाच साच्यातले असतात. आधी फाइल सिस्टिम, युजर, परमिशन (कोणत्या फाइलला कोणी हात लावायचा ते), प्रोसेस, लॉग. मग व्हायरसचे प्रकार, एन्क्रिप्शन (माहिती गुप्त लिपीत बदलणं), पासवर्ड, फायरवॉल आणि शेवटी 'हल्ला झालाच तर काय कराल'.

कोर्स संपल्यावर मी प्रत्येकाला मत विचारलं. पतसंस्थेत काम करणारे एक भाऊ म्हणाले, "मॅडम, तारे नका विचारू, आणे विचारा. बारा आणे कोर्स आहे." मग सगळ्यांनीच आण्यात मोजायला सुरुवात केली.

सगळ्यात कमी आणे मिळाले परमिशनच्या धड्याला. माझ्या मते कोर्समध्ये खरा जीव त्याच धड्यात आहे, म्हणून हे लिहायला बसले.

बीसीए करणारा एक मुलगा तर तिथूनच गळाला. "सिक्युरिटी शिकायला आलो, अन् हे फोल्डरच्या परवानग्या शिकवून राहिले," असं म्हणाला. त्याला काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं पळताना बघायची होती. त्याची चूक म्हणता येत नाही, कोर्सच्या जाहिरातीतही हुडी घातलेला माणूसच दाखवतात. त्याने दिलेले पाच तारे मात्र अजून तिथे आहेत आणि ते वाचून कुणीतरी फी भरत असेल.

धडा रुक्ष आहे, हे खरं. लिनक्समध्ये (विंडोजसारखीच, पण फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टिम) प्रत्येक फाइलला मालक असतो, गट असतो आणि उरलेले सगळे असतात. वाचायचे ४, लिहायचे २, चालवायचे १, अशी बेरीज करून आकडा बसवायचा. ६४० म्हणजे मालकाने वाचावं-लिहावं, गटाने नुसतं वाचावं, बाकीच्यांनी हातही लावू नये. शिक्षकबाई हे अर्धा तास सांगतात आणि लगेच सरावाला बसवतात. हे कशासाठी करायचं, ते कळतं फार पुढे, रॅन्समवेअरच्या, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसच्या धड्यात. मधल्या काळात निम्मे लोक निघून जातात. मांडणीतली ही खोट मोठी आहे.

पतसंस्थेतल्या भाऊंना मात्र ते तिथल्या तिथे कळलं, कारण दुखणं त्यांच्या समोरच बसलेलं होतं. त्यांच्याकडे काउंटरवरच्या मशीनमध्ये एक शेअर केलेला फोल्डर आहे. कधीतरी कुणाला तो उघडेना, तेव्हा दुरुस्तीवाल्याने 'एव्हरीवन, फुल कंट्रोल' करून दिलं आणि शंभर रुपये घेऊन गेला. आपल्याकडे नेटवर्कचं निम्मं काम असंच झालेलं असतं. चालत नाही? मग सगळ्यांना सगळं उघडं करून टाका. शिवाय प्रत्येक मशीनवर एकच युजर, तोही ॲडमिन (सगळे हक्क असलेला), आणि पासवर्ड संस्थेच्या नावापुढे १२३.

आता यातल्या एका मशीनवर कुणी भलतीच अटॅचमेंट उघडली तर काय होईल? आत आलेला प्रोग्राम त्या माणसाच्याच हक्काने चालतो. त्या माणसाला जिथे जिथे लिहिता येतं, तिथल्या सगळ्या फाइली तो कुलूपबंद करू शकतो. नुसतं वाचायचा हक्क असलेल्या फोल्डरमध्ये त्याला ते साधत नाही. भाऊंनी घरी हिशेब मांडला आणि सोमवारी जाऊन कामाला लागले. प्रत्येकाला वेगळा साधा युजर दिला, जुन्या वर्षांचे फोल्डर फक्त वाचण्यापुरते ठेवले, ॲडमिनचा पासवर्ड पाकिटात घालून सचिवांच्या कपाटात ठेवला. सचिव रागावले, कारण प्रिंटरचा ड्रायव्हर आता त्यांना परस्पर टाकता येईना. पण पाकीट अजून कपाटातच आहे. बारा आणे आले ते इथून.

उरलेले चार आणे का कापले, तेही भाऊंनी सांगितलं. कोर्समध्ये 'अपडेट नेहमी चालू ठेवा' हे एका वाक्यात उरकलंय. वानाक्राय या रॅन्समवेअरची गोष्ट तिथे रंगवून सांगतात. मे २०१७ मध्ये तो जगभर पसरला, विंडोजच्या जुन्या फाइल-शेअरिंगमधली खोट वापरून एका मशीनवरून दुसऱ्यावर आपोआप गेला, त्याला कुणी क्लिक करायचीही गरज नव्हती. मायक्रोसॉफ्टने दुरुस्ती मार्चमध्येच दिलेली होती, ज्यांनी ती घातली नव्हती ते अडकले. विंडोज एक्सपीचा आधार (कंपनीकडून मिळणारे अपडेट) २०१४ मध्ये संपला होता, तरी त्या वेळी तिच्यासाठीही दुरुस्ती काढावी लागली. इथपर्यंत ठीक. पण ज्याचं विंडोजच चोरीचं आहे, त्याने काय करायचं? फुकटात ॲक्टिव्हेट करून देणारी ती पिटुकली फाइल चालवण्याआधी अँटिव्हायरस बंद करायला लावतात आणि नंतर तो चालू करायची आठवण कुणालाच राहत नाही. अपडेट तर 'मशीन स्लो होतं' म्हणून पहिल्याच दिवशी बंद. कोर्स बनवणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे असं मशीनच नाही.

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. नोंदणी केली तर घरगुती वापराला आणखी वर्षभर सुरक्षेचे अपडेट मिळतात. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेसाठीची चिप) लागतं आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. आमच्या बाजारपेठेत डोकावलं तर तिसऱ्या-चौथ्या पिढीची मशीनं सर्रास दिसतील, काही ठिकाणी विंडोज ७ सुद्धा. (विप्रोचा जन्म आमच्या गावातला, १९४५ मध्ये इथे निघालेल्या वनस्पती तुपाच्या कारखान्यातून ती कंपनी उभी राहिली, हे आम्ही पाहुण्यांना अभिमानाने सांगतो. गावातले कॉम्प्युटर पाहिले की तुपाचाच वारसा जास्त टिकलाय असं वाटतं.) अशा दुकानदाराला मी सांगते, बिलिंगचं मशीन इंटरनेटपासून तोडा, आणि नुसतं ब्राउझिंग, टायपिंग एवढंच काम असेल तर जुन्या मशीनवर लिनक्स मिंट (लिनक्सचाच एक प्रकार) टाकून घ्या. हे सांगणं कोर्समध्ये नव्हतं, रविवारच्या गप्पांतून निघालं.

आमच्यात भुसावळहून रेल्वेतून निवृत्त झालेले एक नाना होते. वय सत्तरीकडे, इंग्रजी टापटीप, प्रश्न अवघड. प्रोसेस शेड्युलिंगचा, म्हणजे चालू प्रोग्रामपैकी (प्रोसेसपैकी) प्रोसेसर कधी कोणाला द्यायचा याचा धडा तरुण मुलांना कळेना, तेव्हा नानांनी फळ्यावर भुसावळचं यार्ड काढलं. मुंबईकडून गाड्या येतात, पुढे एक रस्ता खांडव्याला, एक अकोल्याकडे जातो, प्लॅटफॉर्म ठरावीक आणि गाड्या ढीगभर. कोणाला आत घ्यायचं, कोणाला बाहेर उभं करायचं, हे कंट्रोलर ठरवतो. मालगाडी आउटरला तासभर ताटकळली की तिलाही कधीतरी सोडावंच लागतं, नाहीतर ती तिथेच उभी राहील. प्रोसेसची उपासमार का होते आणि प्रायॉरिटी हळूहळू का वाढवतात, हे त्या दिवशी सगळ्यांना कळलं. व्हिडिओत यावर तीन मिनिटं होती.

नानांनी चौदा आणे दिले. कर्नेल मोड आणि युजर मोडचा धडा त्यांना सगळ्यात आवडला. साधा प्रोग्राम पडला तर एकटा पडतो, कर्नेलमध्ये चालणारा पडला की पडदा निळा होऊन अख्खं मशीन बंद पडतं. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सिक्युरिटी कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगभरातली सुमारे ८५ लाख विंडोज मशीनं अशीच आडवी झाली, आपल्याकडे काही विमानतळांवर हाताने बोर्डिंग पास लिहून द्यावे लागले. राखण करायला ठेवलेलं सॉफ्टवेअरच कर्नेलमध्ये बसलेलं होतं. "आपल्या गल्लीत एक मशीन बंद पडलं नाही," एक जण म्हणाला. नाना म्हणाले, "पडेल कसं? तेवढं महाग संरक्षण घेतलंय कोणी?"

मेडिकल स्टोअर चालवणाऱ्या एका काकूंनी आठच आणे दिले आणि त्यांची बाजू मला पटते. त्यांनी कोर्स मोबाइलवर केला. व्हिडिओ दिसतात, पण सरावासाठी ब्राउझरमध्ये जी लिनक्सची खिडकी उघडते, ती मोबाइलच्या पडद्यावर धड वापरता येत नाही. गिऱ्हाईक आलं की व्हिडिओ थांबवायचा, परत लावेपर्यंत सरावाची वेळ संपून जायची. आणि चाचणीतले दोन नकार असलेले प्रश्न! 'खालीलपैकी कोणतं विधान चुकीचं नाही?' अहिराणीत एक वाक्य बोलून त्यांनी तो विषय संपवला: "माले कॉम्प्युटर समजना, प्रश्नच समजना नही." (मला कॉम्प्युटर समजला, प्रश्नच समजला नाही.)

पण मोबाइलची बाजू त्यांनीच आमच्या गळी उतरवली. कोर्समधली फसवणूक ईमेलने येते. आपल्याकडे ती व्हॉट्सॲपवर एपीके (मोबाइलमध्ये ॲप टाकायची फाइल) होऊन येते. कधी आरटीओचं चलान, कधी पीएम किसानची यादी, लग्नसराईत थेट लग्नपत्रिका. शेतकऱ्याला ईमेल उघडायला वेळ नाही, पण यादीत नाव आहे का ते तो बघणारच. ते एपीके आत गेलं की एसएमएस वाचायची परवानगी मागतं, आणि ती मिळाली की ओटीपी परस्पर जातो. इथे परमिशनचा तोच रुक्ष धडा उपयोगी पडला. अँड्रॉइडच्या पोटात लिनक्सचाच कर्नेल आहे आणि प्रत्येक ॲपला तिथे वेगळा युजर क्रमांक मिळतो. एका ॲपला दुसऱ्याच्या फाइली उघडता येत नाहीत त्या या जुन्या युनिक्स पद्धतीमुळे (लिनक्स त्याच सिस्टिमच्या धर्तीवर बनलंय). म्हणजे चोराला भिंत फोडायची गरजच नाही, 'अलाऊ' दाबून दार आपण उघडतो. काकूंनी त्या रात्री घरातल्या सगळ्यांचे मोबाइल घेऊन परमिशन मॅनेजर उघडला. सासूबाईंच्या मोबाइलमधल्या एका कर्ज देणाऱ्या ॲपला कॉन्टॅक्ट आणि एसएमएस दोन्ही दिलेले निघाले. दुकानाच्या काउंटरवर आता १९३० हा सायबर तक्रारीचा नंबर औषधांच्या स्कीमच्या कागदाशेजारी चिकटवलाय.

एन्क्रिप्शनच्या भागावर कुणाचंच फारसं मत पडलं नाही. लांबलाय, एवढं सगळे म्हणाले. हॅश आणि सॉल्ट (पासवर्ड ओळखता येणार नाही अशा रूपात साठवायच्या युक्त्या) पुरे होते.

फाइल सिस्टिममधलं जर्नलिंगही (बदल आधी नोंदवहीत टिपून ठेवणं) असंच एका वाक्यात गुंडाळलंय, पण त्याचा मला राग आला. मे महिन्यात आमच्याकडे दुपारी लाइट कधी जाईल ते सांगता येत नाही आणि इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या उन्हाने माना टाकतात. लिहिता लिहिता वीज गेली तर एनटीएफएस (विंडोजची फाइल सिस्टिम) किंवा ईएक्सटी४ (लिनक्सची) आपल्या नोंदवहीवरून रचना परत जुळवून घेतात, पेनड्राइव्हवरच्या फॅट३२ मध्ये ती सोयच नाही. तरी हिशेबाचा बॅकअप पेनड्राइव्हवरच, आणि तो पेनड्राइव्ह चोवीस तास मशीनलाच खोचलेला. यावर अर्धा तास घालवला असता तर मी दोन आणे वाढवून दिले असते.

पुण्याला नोकरीसाठी गेलेल्या मुलीचं मत मी मुद्दाम उशिरा विचारलं. कोर्स संपल्या संपल्या ती म्हणाली होती, "सर्टिफिकेट मिळालं, छान आहे." मुलाखती देऊन आल्यावर तिने फोन केला. सर्टिफिकेटकडे कुणी ढुंकून बघितलं नाही. अमुक फाइलला ६४० दिलं तर गटाला काय करता येईल, हे मात्र विचारलं. मग ओळख पटवणं आणि हक्क देणं यांतला फरक विचारला. पतसंस्थेच्या भाऊंचं उदाहरण तिने जसंच्या तसं सांगितलं: काउंटरवरच्या माणसाने पासवर्ड टाकला म्हणजे तो कोण ते कळलं, जुन्या वर्षाचा फोल्डर त्याला बदलता येतो का हा वेगळा प्रश्न. नोकरी सपोर्टची आहे, रात्रपाळीची. तिने आणे सांगितले नाहीत, फक्त म्हणाली की तो परमिशनचा धडा पुढच्या पोरांना सोडू देऊ नका.

पुढची तुकडी दिवाळीनंतर बसवतेय. परमिशन आणि रॅन्समवेअर एकाच रविवारी घेणार, कोर्समधला क्रम काही असो. येणाऱ्यांनी लॅपटॉपची रॅम तपासून यावं. ४ जीबीवर व्हर्च्युअलबॉक्समध्ये (विंडोजच्या आत दुसरी सिस्टिम चालवणारा प्रोग्राम) लिनक्स उघडलं की विंडोज आणि लिनक्स दोघंही रडतात, ८ जीबी असेल तर काम निभतं. नुसता मोबाइल असेल त्यांनीही या, क्लासची मशीनं सकाळी रिकामीच असतात.