माझ्या मुलीच्या मेंदूचा एमआरआय आणि पीएमएल या विषाणूमुळे होणाऱ्या मेंदूच्या आजाराचे निदान

नवे मूत्रपिंड शरीराने नाकारू नये म्हणून माझ्या मुलीला प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे सुरू होती. त्या काळात तिचा उजवा हात हळूहळू दुबळा होत गेला, बोलणे अडखळू लागले आणि मेंदूच्या डॉक्टरांनी एमआरआय सांगितला. मायलिन, म्हणजे मज्जातंतूंवरचे आवरण, नष्ट होऊ लागल्याच्या खुणा सीटी स्कॅनपेक्षा त्यात कितीतरी स्पष्ट दिसतात, असे त्यांनी समजावले.

इतका वेळ निश्चल पडून राहणे तिला जमणार नव्हते, म्हणून भूल द्यायचे ठरले. त्यासाठी 6 तास अन्न आणि शेवटचे 2 तास पाणीही बंद होते. चित्रात काही भाग उजळून दिसावेत म्हणून गॅडोलिनियम या द्रव्याचे इंजेक्शन द्यायचे असल्याने आधी क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंड कसे काम करते ते सांगणारी रक्तातली पातळी, तपासले. अर्जावर मी प्रत्यारोपण आणि प्रत्येक औषध सविस्तर लिहिले होते, आणि माझ्या मते निदानाची दिशा तिथेच ठरली.

रेडिओलॉजिस्टनी आम्हाला चित्रे दाखवली. डाव्या बाजूला पुढे मोठा आणि उजवीकडे लहान असे विषम डाग होते. एमआरआयच्या टी2 आणि फ्लेअर या प्रकारच्या चित्रांत ते पांढरे, तर टी1 प्रकारात काळसर दिसत होते आणि मेंदूच्या बाह्य आवरणालगतच्या वळणदार तंतूंपर्यंत पोहोचले होते. डाग एवढा मोठा असूनही शेजारच्या भागावर दाब नव्हता, गॅडोलिनियमने तो उजळला नव्हता, फक्त डिफ्यूजन या आणखी एका प्रकारच्या चित्रात त्याची कडा चमकत होती. मुलांमध्ये असे डाग दिसले की एडीईएमचा, म्हणजे संसर्गानंतर मेंदूला येणाऱ्या दाहाचा, विचार आधी येतो आणि त्यावर स्टिरॉइड देतात. पण ज्या मुलीची प्रतिकारशक्ती आधीच दाबलेली आहे, तिला पीएमएल असताना प्रतिकारशक्ती आणखी दाबणारे तेच औषध घातक ठरू शकले असते, ही गोष्ट आजही माझ्या मनातून जात नाही.

पाठीतल्या पाण्याच्या पीसीआर तपासणीत पीएमएल घडवणारा जेसी विषाणू सापडला. तो असंख्य निरोगी माणसांच्या शरीरात सुप्त असतो. त्याच्यावर खात्रीचे औषध नसल्याने, मूत्रपिंडाचा धोका पत्करून तिची प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे कमी केली गेली.

पुढच्या एमआरआयमध्ये डागाची कडा उजळली आणि थोडी सूजही दिसली. परतणारी प्रतिकारशक्ती विषाणूवर तुटून पडते तेव्हा असे होऊ शकते, हे डॉक्टरांनी आधीच सांगितले होते. सूज वाढलीच, तर मात्र मोजके स्टिरॉइड द्यावे लागेल, असेही त्यांनी बजावले आहे. तिचे बोलणे आता बरेच सुधारले आहे, हात अजून दुबळाच आहे.