मावशींचा झोपेतला फोटो

रविवारी सकाळी सहाला नागपूरच्या फुटाळा तलावावर भेटायचं हे आमच्या फोटो काढणाऱ्या ग्रुपचं गेली चार वर्षं ठरलेलं आहे. सहा-सात जण असतो, कधी तिघंच. एक काका रेल्वेतून रिटायर झालेले, एक ताई शाळेत शिकवते, दोन पोट्टे इंजिनीअरिंगचे, आणि मी. तासभर काठाकाठानं फिरायचं, मग तर्री-पोहे खाऊन एखाद्या बाजारात शिरायचं, आणि रात्री ग्रुपवर प्रत्येकानं तीन फोटो टाकायचे. तीनच, कारण आधी एकेक जण चाळीस-चाळीस टाकायचा अन् कोणी कोणाचे धड पाहायचं नाही. तीन निवडायचे म्हटल्यावर माणूस आधी स्वतःच्याच फोटोकडे कडक नजरेनं पाहतो.

नागपुरात मोठा कॅमेरा गळ्यात दिसला की लोक पहिला प्रश्न विचारतात, ताडोब्याला गेलते का? आम्हाला वाघापेक्षा माणसाचा चेहरा जास्त ओढतो. माझ्याकडे सेकंडहँड घेतलेली ५० एमएम एफ १.८ लेन्स आहे, माझ्या कॅमेऱ्याच्या छोट्या (क्रॉप) सेन्सरवर ती साधारण ७५ एमएमसारखं दाखवते, म्हणजे खांद्यापर्यंतचा पोर्ट्रेट घ्यायचा तर समोरच्यापासून पाचेक फुटांवर जावंच लागतं. पाच फुटांवर गेलं की बोलावं लागतं, नाव-गाव विचारावं लागतं, आणि मला वाटतं निम्मा पोर्ट्रेट तिथंच होऊन जातो. काकांकडे ७०-२०० ची लांबचं जवळ आणणारी झूम लेन्स आहे, ते रस्त्याच्या पलीकडून काढतात. त्यांच्या फोटोत मागची दुकानं अगदी पाठीला चिकटल्यासारखी येतात, चेहरा छान बसतो, पण त्या माणसाला माहीतच नसतं की आपला फोटो निघाला. कँडिडची, म्हणजे नकळत काढलेल्या फोटोची, मजा तीच आहे आणि गोची पण तिथंच.

सगळीकडे एकच नियम चालत नाही हे मला मारबतीत कळलं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, इतवारी-महालातल्या गल्ल्यांतून काळी आणि पिवळी मारबत या बाईच्या मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक निघते, मागे बडगे म्हणजे पुरुषांचे पुतळे, ढोल, आणि 'ईडा पीडा घेऊन जा गे मारबत' असा गजर. आभाळ बहुतेक भरलेलं असतं त्यामुळे उजेड मऊ, चेहऱ्यावर कडक सावल्या नाहीत, आयएसओ (सेन्सर उजेड किती पकडतो ते) १६०० आणि शटर सेकंदाच्या १/५०० वर ठेवलं की नाचणारा माणूस सुद्धा शार्प येतो. तिथं कोणाला विचारत बसायची गरजच पडत नाही, लोक स्वतःहून पुढे येतात, भाऊ आमचा काढा ना! रस्त्यावर तो माणूस दिसायलाच उतरलेला असतो.

दीक्षाभूमी वेगळी. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी तिथं दीक्षा घेतली आणि दरवर्षी अशोक विजयादशमीला लाखो लोक येतात, बरेच जण पांढऱ्या कपड्यांत. पहिल्या वर्षी माझे सगळे फोटो मळकट करडे आले. कॅमेऱ्याचं मीटर समोर जे आहे त्याला मधला करडा समजतं, त्यामुळे फ्रेममध्ये पांढरं जास्त असलं की फोटो काळवंडतो. ताईनं सांगितलं, एक्सपोजर एक स्टॉप वाढव, म्हणजे उजेड दुप्पट घे, तेव्हा पांढरं पांढरं आलं. पण मला तिथली एक आजी जास्त लक्षात आहे. पुस्तकांच्या स्टॉलपाशी जमिनीवर बसून ती नुकतंच घेतलेलं पुस्तक नातवाच्या हातात ठेवत होती, तिला वाचता येत नसावं असं मला तिच्या पुस्तक धरण्यावरून वाटलं, आणि तो क्षण इतका सुंदर होता की मी कॅमेरा उचलला, मग थांबलो, विचारलं. आजी लगेच सावरून बसली, पदर नीट केला, नातवाला शेजारी ओढलं, पिशवीतून बाबासाहेबांचा छोटा फ्रेम केलेला फोटो काढून छातीशी धरला आणि एकदम ताठ, कॅमेऱ्यात पाहत. माझ्या मनातला फोटो गेला. त्या रात्री ग्रुपवर मी हळहळलो तर ताईनं लिहिलं की तुझ्या मनातला गेला पण तिच्या मनातला मिळाला की. तेव्हा मला ते समजुतीचं वाटलं. आता तोच फोटो माझ्या भिंतीवर आहे. आपण विचारलं की माणूस आपल्याला कसं दिसायचंय ते सोबत घेऊन येतो, त्यात ताठपणा येतो, हसू जरा ओढलेलं येतं, तरी ते त्याचं असतं.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. मागच्या डिसेंबरात, आंबिया बहाराचा, म्हणजे हिवाळ्यात तोडणीला येणारा संत्रा बाजारात भरभरून होता, कॉटन मार्केटच्या बाहेर एक मावशी ढीग लावून बसलेली होती आणि ढिगाला टेकून, गालाखाली हात घेऊन तिला झोप लागली होती. सकाळचा तिरपा उजेड, त्यातून संत्र्यांवरून उडालेला केशरी रंग तिच्या गालावर, हातातल्या हिरव्या बांगड्या. मी चार क्लिक केले आणि निघून आलो. विचारणार कसं, झोपलेल्या माणसाला? खरं म्हणजे मी थांबू शकत होतो. नाही थांबलो.

ग्रुपवर तो फोटो सगळ्यात जास्त आवडला. काकांनी फक्त संत्र्यांचा रंग जरा कमी कर म्हटलं. एका पोट्ट्यानं माझ्या फाईलवर हात फिरवून पाठवली, त्यात मावशींचा रंग दोन शेड उजळ केलेला, सुरकुत्या पुसलेल्या, ते मला अजिबात आवडलं नाही आणि मी तसं बोललो पण. आपल्याकडे पोर्ट्रेट एडिट म्हणजे पहिले गोरं करणं, मोबाईलचे कॅमेरे तर न विचारता करतात. उन्हात बसून बसून आलेला तो रंग तिचा आहे, तो आपण कोण बदलणार? रंग खरे दिसतील एवढा व्हाइट बॅलन्स नीट करा, डोळ्यांत उजेड दिसू द्या, बास.

मग कोणीतरी तो फोटो बाहेर फॉरवर्ड केला. कोणी ते मी शोधलं नाही. तीन आठवड्यांनी कुठल्याशा पेजवर खाली गरिबीवर चार ओळी लिहून तो फिरत होता आणि तिथून तो मावशींच्या भाच्याच्या मोबाईलवर पोचला. हे मला मावशींनीच सांगितलं, मी पुन्हा त्या बाजूला गेलो तेव्हा. भाच्यानं कॅमेऱ्याचा पट्टा ओळखला म्हणे, काढताना बाजूच्या गाड्यावरून पाहिलं होतं त्यानं.

"काहून रे बाबू, माझा झोपेतलाच फोटो सापडला का तुले?" मावशी ओरडल्या नाहीत, संत्री रचता रचता बोलल्या. "मी तीन वाजताची उठली होती, कळमन्याच्या बाजारातून माल आणला, अन् तू लोकाईले दाखवून रायला का मी झोपून रायते."

मला काहीच बोलता आलं नाही. मी तो फोटो थकव्याचा म्हणून पाहत होतो, मायेनं पाहत होतो, पण तीन वाजताचं कळमना त्यात कुठे होतं? ते फ्रेमच्या बाहेर राहिलं आणि ज्याला माहीत नाही तो तिथं काहीही भरू शकतो, त्या पेजवाल्यानं गरिबी भरली.

त्या रात्री मी ग्रुपवर सगळं लिहिलं आणि खूप वाद झाला. एक पोट्टा म्हणाला, असं विचारत बसलो तर स्ट्रीट फोटोग्राफी बंदच करावी लागेल, तो फ्रेंच फोटोग्राफर कार्तिए-ब्रेसाँ काय सगळ्यांना विचारून काढत होता का? त्याचं एकदम चूक नाही. लायका या छोट्या कॅमेऱ्याला ५० एमएम लेन्स लावून रस्त्यावर माणसाच्या नकळत काढलेले त्याचे फोटो पाहूनच आम्ही या नादाला लागलो, विचारून काढले असते तर त्यातले निम्मे झालेच नसते. पण काकांनी दोन गोष्टी सांगितल्या ज्या मला पटल्या. एक म्हणजे ब्रेसाँला स्वतःचा फोटो काढून घेणं बिलकुल आवडायचं नाही, चेहरा लपवायचा तो. दुसरं, तो १९४८ च्या जानेवारीत दिल्लीत गांधीजींचे फोटो काढत होता तेव्हा ते छापून यायला मासिक लागायचं, संपादक लागायचा, मधे चार माणसं विचार करणारी असायची. आपल्यात आणि अख्ख्या जगात आता फक्त अंगठा आहे.

वादातून निघालं ते एवढंच की ओळखू येणारा चेहरा असेल आणि माणूस झोपलेला, रडत असलेला, आजारी किंवा लहान मूल असेल तर आधी त्याला किंवा घरच्यांना दाखवायचं, मग ग्रुपवर. बाकी कँडिड चालू. दोघांना हे पण जाचक वाटलं, एक जण ग्रुप सोडून गेला, चांगले फोटो काढायचा तो, वाईट वाटलं. अजून एक सवय लावली, माणसाला त्याचा फोटो पाठवायचा तर व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवायचा, नाहीतर तो दाबून छोटा होतो आणि स्टुडिओत प्रिंट काढायला गेलं की चेहरा फुटतो. लोकं प्रिंट काढतात हो, आपल्याला वाटतं त्यापेक्षा जास्त.

पेजवाल्याला मी तीनदा मेसेज केला, चौथ्यांदा त्यानं तो पेजवरून काढून टाकला. फिरायचा तेवढा फिरला होताच.

मावशींना म्हटलं, तुम्ही म्हणाल तसा काढून देतो. त्यांनी मला मंगळवारी यायला सांगितलं, त्या दिवशी माल कमी असतो म्हणून. गेलो तर जांभळी साडी, कपाळावर मोठं कुंकू, आणि ढिगाच्या मागे बसायला साफ नकार. उभ्या राहिल्या, हातात तराजू. दहा वाजून गेले होते, ऊन वर आलेलं, डोळ्यांखाली सावल्या पडत होत्या म्हणून बाजूच्या दुकानाच्या ताडपत्रीखाली घेतलं आणि भाच्याला थर्माकोलचा पांढरा तुकडा धरायला लावला, खालून उजेड उचलायला. त्याला ते काम फार आवडलं. मी लेन्सचं तोंड जरा बारीक करून एफ २.८ ठेवलं, तराजू पण स्पष्ट यावा म्हणून.

पाच बाय सातचा मॅट प्रिंट घेऊन गेलो तेव्हा त्यांनी आधी हात पुसले, मग घेतला. बराच वेळ पाहिला. मग भाच्याला म्हणाल्या, "तराजू बराबर दिसून रायला." आणि मला म्हणाल्या की हा काटोलच्या पोरीकडे पाठवते, माझ्यासाठी आणखी एक मोठा कर, काचेचा. आठ बाय बाराची फ्रेम टाकली आहे स्टुडिओत, गुरुवारी मिळेल. हा फोटो ग्रुपवर टाकू का विचारलं तर म्हणाल्या, टाक ना, पण खाली माझं नाव लिही अन् दुकान कुठं लागते ते पण लिही.