सतरा नंबरची जागा

स्मरणिकेसाठी लेख पाठव म्हणून मराठीच्या बाईंचा फोन आला, तेव्हा त्यांनी आधीच बजावलं, "परदेशात शाळेची आठवण येते, पटांगणातला वड आठवतो, असलं काही लिहू नकोस. तसे लेख ढिगाने आलेत. तू तिथे काय करतोस ते लिही." नोकरीबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, संगणकासमोर बसतो, महिनाअखेर पगार होतो. म्हणून हिवाळ्यातल्या रविवारी सकाळी मी जे करतो त्याबद्दल लिहितो. मेलबर्नच्या पश्चिमेकडच्या एका उपनगरात सोळा वर्षांखालच्या मुलांच्या फुटी संघाचा मी सहायक प्रशिक्षक आहे. यात आपल्या पी.टी.च्या सरांचा उल्लेख येईल. त्यांना नाव छापलेलं आवडायचं नाही, त्यामुळे ते देत नाही. ज्यांनी त्यांच्या हाताखाली फक्कीने मैदान आखलंय त्यांना सांगायला नको.

फुटी म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉल. तो आपला फुटबॉल नव्हे आणि रग्बीही नव्हे. मैदान क्रिकेटचंच, लंबगोल. चेंडूही लंबगोल, टप्पा पडला की कुठे उडेल याचा नेम नाही. एका बाजूला 18 खेळाडू. दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन खांबांतून किक गेली की गोल, 6 गुण. कडेच्या फटीतून गेली तर 1 गुण. चेंडू हाताने फेकायचा नाही. एका तळव्यावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीने ठोसायचा, तो हँडबॉल, नाहीतर किक मारायची. निदान 15 मीटर आलेली किक थेट झेलली की तो मार्क; मग अंगावर कोणी येत नाही, निवांत किक मारा. नियम 1859 मध्ये मेलबर्नच्या मंडळींनी लिहून काढले, म्हणजे इंग्लंडची फुटबॉल असोसिएशन जन्माला यायच्या चार वर्षं आधी. इथली म्हातारी माणसं ही गोष्ट वर्षातून दोनदा तरी ऐकवतात.

आणि या खेळात ऑफसाइड नाही. कुणीही कुठेही जाऊ शकतो. त्यामुळे कुणी कुठे जायचं नाही हे ठरवणं हेच प्रशिक्षकाचं निम्मं काम.

मी या भानगडीत पडलो तो मुलामुळे. त्याला लहानपणी ऑस्किकला घातलं होतं, म्हणजे फुटीचा बालवर्ग. क्लबला पालक हवेच असतात. कुणी पाणी नेतो, कुणी घड्याळ सांभाळतो, कुणी कँटीनमध्ये सॉसेज भाजतो. मला पांढरा कोट आणि दोन झेंडे मिळाले. गोल झाला की दोन्ही झेंडे हलवायचे, एकच गुण असला की एक. मुलगा पुढे बॅडमिंटनकडे वळला, मी मात्र राहिलो. खांबांच्या मागे उभं राहिलं की मैदान उभं दिसतं. कडेला बसलेल्या माणसाची नजर चेंडूमागे धावते. मागून बघणाऱ्याला चेंडूपासून लांब असलेली मुलं काय करतायत तेही दिसतं. मुख्य प्रशिक्षकाला मी एकदोनदा काहीबाही बोललो असेन, त्याने मला कोट काढायला लावून बाकावर बसवून घेतलं. हा प्रशिक्षक व्यवसायाने प्लंबर. बोलणं तुटक, आवाज खणखणीत.

आता सतरा नंबर. हा आमच्या संघातला मिडफिल्डर. मैदानाच्या मध्यात 50 मीटरचा चौकोन आखलेला असतो. प्रत्येक क्वार्टरच्या सुरुवातीला आणि प्रत्येक गोलनंतर चेंडू तिथे येतो. चौकोनात प्रत्येक संघाचे चारच जण: एक उंच मुलगा, तो रक, उडी मारून चेंडू खाली टोलवणारा, आणि त्याच्या पायाशी तीन मिडफिल्डर. दोन विंगवाले चौकोनाबाहेर. वाटणी साधी असते. काही मिडफिल्डर आतले, गर्दीत घुसून चेंडू उपसणारे. काही बाहेरचे, मोकळ्या जागेत चेंडू घेऊन पळणारे. गर्दीतून चेंडू बाहेर निघाला की त्याला क्लिअरन्स म्हणतात.

सतरा नंबरला आतला म्हणून खेळवायचे, कारण चेंडू सगळ्यात जास्त वेळा त्याच्याच हातात असायचा. एक आई वहीत उभ्या रेघा मारून मोजायची, त्याच्या नावापुढे ओळच्या ओळ भरायची. सामना संपला की सगळे त्याच्या पाठीवर थाप मारायचे. आणि आम्ही हरायचो.

मी त्या आईच्या वहीत आणखी एक रकाना आखून घेतला: त्याच्याकडून चेंडू गेला तो कुणाकडे? निम्म्याहून जास्त वेळा समोरच्यांकडे. मुलगा धसमुसळा नव्हता, घाबरटही नव्हता. कारण नीट पाहिल्यावर कळलं. चेंडू उचलताना त्याची पाठ आम्हाला जिथे गोल करायचा त्या टोकाकडे असायची. तो वळायला जायचा, तेवढ्यात मागून, डावीकडून, समोरून हात पडायचे. गर्दीतल्या मिडफिल्डरवर चारही बाजूंनी माणसं येतात. मग पडता पडता तो चेंडू पायाला कसाबसा लावून उंच भिरकावून द्यायचा. खाली समोरचा बचावपटू वाटच बघत असायचा.

इथे मला सर आठवले, आणि ते साहजिक होतं. आठवीत मी चढाईचा गडी. जिल्ह्याला चढाया करून गुण आणायचे एवढंच डोक्यात. नववीच्या पहिल्याच सरावाला सरांनी मला डाव्या कोपऱ्यात उभं केलं. मी तोंड पाडून बसलो, तेव्हा बुटाची नाडी बांधता बांधता म्हणाले, "तू गुण आणतोस रे. पण आलास की कमरेवर हात ठेवून दम खातोस, आणि समोरचा चढाईला येतो तेव्हा आपण सातातले सहाच असतो." गुण सगळ्यांनी पाहिला होता. त्यानंतरचा अर्धा मिनिट फक्त त्यांनी पाहिला होता. कोपऱ्यात मी घोट्याच्या पकडी चांगल्या करायला लागलो, पण माझ्या जागी चढाईला गेलेला मुलगा माझ्याहून सरस निघाला, ही खरी बातमी होती.

सतरा नंबरला आम्ही आधी विंगवर नेला. प्लंबरसाहेबांचं म्हणणं, पळतो छान, किक लांब आहे, बाहेरचं काम दे. दोन-तीन रविवारी ते चाललं नाही. विंगवाल्याने थांबायचं असतं. चेंडू समोर लोळत असतानाही बाहेरच राहायचं, कारण तो निघाला की कुणाला तरी द्यायचा असतो. आमचा गडी चेंडू दिसला की धावलाच. पंगतीत सगळेच वाढायला उठले तर जेवायला कोण बसणार? गर्दीत आमची पाच डोकी आणि बाहेर मोकळं कुरण, हँडबॉल घ्यायला कुणी नाही.

मग मी हाफ बॅकचा विषय काढला. ही बचावातली मधली फळी, आपल्या गोलच्या आणि मध्याच्या बरोबर मधली. तिथे खेळ समोरून येतो. मागे पाहायला लागत नाही, उडत येणारी किक लांबून दिसते, मार्क घेतला की तोंड आधीच हल्ल्याच्या दिशेला असतं. उसवलेल्या मिडफिल्डरला सावरायला किंवा नव्याला शिकवायला ही जागा क्लब नेहमी वापरतात. कॉलिंगवूड क्लबच्या निक डेकॉसला 2022 मध्ये पहिल्या मोसमात हाफ बॅकलाच खेळवलं. त्या वर्षीचा रायझिंग स्टार, म्हणजे सर्वोत्तम तरुण खेळाडू, तोच, आणि पुढच्या वर्षी मिडफिल्डमध्ये येऊन त्याने विजेतेपद पाहिलं. ब्रिस्बेनवर 4 गुणांनी.

प्लंबरसाहेबांना पटलं. पटलं नाही ते सतरा नंबरच्या आजोबांना. आजोबा घडीची खुर्ची, थर्मास आणि डीमन्सचा लाल-निळा मफलर घेऊन दर सामन्याला हजर. डीमन्स म्हणजे मेलबर्न क्लब. सराव संपल्यावर कुंपणापाशी गाठून म्हणाले, पोराला मागे ढकलताय, मिडफिल्डरची जात आहे त्याची. मी वाद घातला नाही. मेलबर्नचा जुना खेळाडू रॉन बरासी, त्याच्याबद्दल विचारलं. आजोबांनी लहानपणी त्याला खेळताना पाहिलंय हे मला माहीत होतं. झालं, थर्मास उघडला.

बरासीचे वडीलही मेलबर्नकडूनच खेळायचे. 1941 मध्ये टोब्रुकला लढाईत मारले गेले. आई पुढे टास्मानियात गेली आणि पोरगा राहिला प्रशिक्षक नॉर्म स्मिथच्या घरी. आपल्याकडे गुरुगृही राहणं म्हणतात ते हेच. अंगाने दणकट, पण करायचं काय त्याचं? रक म्हणून बुटका. रकच्या पायाशी घुटमळणारा चपळ रोव्हर असायचा, त्या मानाने थोराड. तेव्हाच्या ठरलेल्या कुठल्याच जागेत तो बसेना. स्मिथने रक आणि रोव्हर यांच्या मधलं काम त्याला दिलं: रकच्या बरोबरीने हिंडायचं, आडदांडपणाही करायचा आणि पळायचंही. रक-रोव्हर ही जागा रुजली ती त्याच्यामुळे. 1955 ते 1964 या काळात मेलबर्नने सहा विजेतेपदं जिंकली, सहाही संघांत बरासी. आजोबांच्या तोंडून हे ऐकताना मी मान डोलावत होतो. शेवटी म्हातारा स्वतःच म्हणाला, म्हणजे जागा माणसाला बघून करायची, असंच ना? मग हाफ बॅकला घ्या, पण चार सामने. पाचव्याला मी कमिटीकडे जाणार.

माझ्या मते त्यांचं वाक्य अर्धंच बरोबर होतं. माणसाला बघून जागा करायची हे खरं, पण शेजारचा कोण आहे तेही बघावं लागतं. आयझॅक हीनीचं उदाहरण मला फार आवडतं. सिडनी स्वान्सचा हा खेळाडू 2015 पासून खेळतोय, बराचसा फॉरवर्ड म्हणून. उड्या मारून मार्क घेणारा, गोल करणारा. 2024 च्या मोसमाआधी कॅलम मिल्स आणि ल्यूक पार्कर हे दोन मुरलेले मिडफिल्डर दुखापतींमुळे बाजूला झाले. हीनी चौकोनात गेला आणि त्या वर्षीच्या सर्वोत्तम मिडफिल्डरांत गणला गेला. एवढी वर्षं हे गुण त्याच्यात नव्हते का? होते. पण तोवर शेजार तसा नव्हता. आता रक म्हणून ब्रॉडी ग्रंडी नव्याने आलेला, जेम्स रोबॉटम टॅकल करायला, चॅड वॉर्नर सुसाट पळायला, बाहेर एरल गल्डन. राहिलेलं काम नेमकं हीनीचं. स्वान्स गुणतक्त्यात पहिले आले. अंतिम सामन्यात ब्रिस्बेनकडून 60 गुणांनी सपाटून हरले, ते वेगळं.

तर सतरा नंबर मागे गेल्यावर चौकोनात कोण, हा प्रश्न होता, आणि खरं सांगायचं तर मला त्याच प्रश्नात रस होता. आमच्याकडे एक बारीकसा, चष्मा काढून खेळणारा मुलगा होता. वहीत त्याच्या नावापुढे जेमतेम पाच-सहा रेघा. फॉरवर्डच्या कोपऱ्यात त्याला ठेवलेला, म्हणजे कुठेतरी ठेवायचा म्हणून. पण झेंडे हलवायच्या काळापासून मी त्याला जवळून बघत होतो. चेंडू जमिनीवर असला की हा सगळ्यांच्या आधी वाकलेला असायचा. गुडघे मोडून, दोन्ही हात गवताला टेकवून. उचलून डोकं वर करायच्या आत त्याचा हँडबॉल गेलेला असायचा, जेमतेम दोन मीटर, पण आपल्याच माणसाच्या पोटाशी. दोन मीटरच्या हँडबॉलला टाळ्या पडत नाहीत.

त्या रविवारी पाऊस होता आणि मैदानाचा मध्य चिखलाने काळा झाला होता. पहिल्या चेंडूला आमच्या रकने चुकीच्या बाजूला टोलवला, तो समोरच्या दोघांच्या मधे पडला. बारक्या त्यांच्या ढोपरांखालून शिरला. मला फक्त त्याची पाठ दिसली, मग एक कोपर, मग चेंडू विंगवाल्याच्या हातात. आणि तो या खेपेला जिथे असायला हवा तिथेच उभा होता. दुसऱ्या टोकाला सतरा नंबरने त्यांची उंच किक छातीशी मार्क केली, दोन पावलं मागे सरकला, मान वर करून बघितलं आणि मैदान ओलांडून पलीकडच्या विंगला किक मारली. बघायला इतका वेळ त्याला आजवर कधी मिळालाच नव्हता. क्वार्टर संपल्यावर मुलं संत्र्याच्या फोडी खायला आली तेव्हा त्याने मला एवढंच विचारलं, शेवटच्या क्वार्टरला चौकोनात येऊ का? प्लंबरसाहेब म्हणाले, मागे पडलो तर ये. तो करार मोसमभर चालला. समोरच्यांनी त्याला चिकटून राहायला टॅगर सोडायचं बंद केलं, कारण हाफ बॅकला टॅगर पाठवायचा म्हणजे आपलाच एक फॉरवर्ड वाया घालवायचा.

बाई, शब्दमर्यादा ओलांडली असेल तर मधला बरासी कापा, पण बारक्याला हात लावू नका.

यंदा सतरा नंबर वरच्या वयोगटात गेला. तिथला प्रशिक्षक नवा. पहिल्याच सामन्यात त्याने आमच्या गड्याला थेट पुढे, फॉरवर्डमध्ये उभं केलं. उंची वाढली आहे ना. मी कुंपणाबाहेर होतो, शेजारी आजोबा. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. मी म्हटलं, चार सामने बघू. ते म्हणाले, दोन.