कॉट नंबर सोळा

परिचारिकांसाठी भावनांवरची कार्यशाळा घ्यायला मी एका जिल्ह्याच्या सिव्हिलमध्ये गेले होते. सकाळची ड्युटी संपवून सिस्टर्स थेट सभागृहात आल्या. सुरुवातीला मी सगळ्यांना बर्नआउटची, म्हणजे कामाच्या ताणाने आतून रितं होण्याची, प्रश्नावली दिली. क्रिस्टिना मास्लाख यांची ही प्रश्नावली १९८१ सालची, पण आजही जगभर वापरली जाते. विधानं २२, प्रत्येकापुढे शून्य ते सहा आकडा लिहायचा. शून्य म्हणजे कधीच नाही, सहा म्हणजे रोज. त्यातली पाच विधानं रुग्णांविषयी आलेल्या कोरडेपणाची असतात आणि तिथे लोक हात आखडता घेतात. सेवेत असलेल्या माणसाला ‘मला यांचं काही वाटत नाही’ हे कागदावर लिहायलाही जड जातं.

मेडिसिन वॉर्डच्या एका सिस्टरने मात्र पाचही ठिकाणी सहा लिहिले होते. चर्चा सुरू झाल्यावर ती आपणहून बोलली.

“मॅडम, मी पेशंटला नावाने हाकच मारत नाही. कॉट नंबर पंधरा, कॉट नंबर सोळा. रात्री पन्नास पेशंट आणि मी एकटी. सोळा नंबरच्या आजींनी पाणी मागितलं, मी ‘थांबा’ म्हटलं. इंजेक्शनं, सलाईन, दोन नवीन अ‍ॅडमिशन... पाणी द्यायला पहाट झाली. तर त्याच मला विचारतात, पोरी, तू जेवलीस का? तेव्हापासून मी नाव विचारत नाही. नाव कळलं की ते माणूस माझ्यासोबत घरी येतं.”

कोरड्या झालेल्या बाईला पेलाभर पाणी इतकं टोचलं असतं का? अपराधभाव आणि शरम यांतला फरक जून टँगनी या संशोधक बाईंनी नेमका मांडला आहे. ‘माझ्या हातून चुकलं’ असं वाटलं की माणूस भरपाई करायला धावतो. ‘मीच वाईट’ असं वाटलं की तोंड लपवतो. पन्नास पेशंटमागे एकटीच असलेल्या सिस्टरला भरपाईला उसंत कुठली? माझं मत असं की, तिथे अपराधभाव साचत जातो, त्याची शरम होते आणि शरमेवर कॉट नंबरांचं झाकण बसतं.

श्वसनाचे सराव मी बाजूला ठेवले आणि विचारलं, आणखी कोण नावं टाळतं? बरेच हात वर झाले. इन्चार्ज सिस्टरांचाही.

बर्नआउट हा आजार नव्हे, कामाच्या ठिकाणच्या न आटोपलेल्या ताणातून येणारी अवस्था आहे, हे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली स्पष्ट केलं. तरी मला बोलावणं येतं ते ‘सिस्टर्सना ध्यान शिकवा’ म्हणून. ध्यान मी आनंदाने शिकवेन. पण बाईवर बोजा टाकायचा आणि तो सोसायची शिकवणीही तिलाच लावायची, याचा मला मनापासून राग येतो.

प्रशासनाला द्यायचं पत्र आम्ही तिथेच बसून लिहिलं. पहिली मागणी, रात्रपाळीला दुसरी सिस्टर. मेडिसिन वॉर्डची ती सिस्टर कागदावर वाकून वाचत होती. म्हणाली, “मॅडम, रात्री वॉर्डात मावशीसुद्धा नसते. तेही लिहा.”

ती दुसरी मागणी झाली.