आज क्लिनिकमध्ये आरव्हीजी बसलं
दादरच्या आमच्या दातांच्या क्लिनिकमध्ये आज एकदाचा डिजिटल एक्स-रेचा सेन्सर, म्हणजे आरव्हीजी, आला. हे तंत्र फ्रान्समध्ये १९८७ सालीच निघालंय, मी मात्र कालपर्यंत डेव्हलपर-फिक्सरच्या रसायनांत एक्स-रेची फिल्म धूत होतो. दोन महिने नुसतं प्लॅनिंग चाललं होतं, वायर खुर्चीपर्यंत कुठून न्यायची, यूपीएस कुठे ठेवायचा, बॅकअप कशावर घ्यायचा, एक्स-रे मशीनला एईआरबीचं (अणुऊर्जा नियामक मंडळाचं) रजिस्ट्रेशन लागतं ते वेगळंच. नवीन मुलांना मी हेच सांगतो, आधी रोजचं काम कसं चालतं ते कागदावर मांडा आणि मगच मशीन घ्या, डेमो बघून भुलू नका.

दुपारी एक आजी आल्या, खालची दाढ दुखत होती. सेन्सर ठेवला तर म्हणाल्या, "केवढं जाड हो हे!" खरंय, फिल्मपेक्षा जाडच असतो, लहान जबड्यात टोचतो. पण काही सेकंदात दाढ स्क्रीनवर, मुळाच्या टोकाशी काळा डाग, म्हणजे तिथलं हाड विरलेलं. आजींनी पदराने चष्मा पुसला, अगदी जवळ जाऊन बघितलं. "रूट कॅनल केलं तर हा डाग भरेल का डॉक्टर?"

इतकी वर्षं फिल्म उजेडात धरून समजावतोय, पेशंट नुसती मान हलवायचे. असा प्रश्न आज पहिल्यांदा आला. म्हटलं, बहुतेक वेळा भरतो आजी, पण हळूहळू. सहा महिन्यांनी परत काढू. आजचा फोटो सेव्ह केलाय, तेव्हा शेजारी लावून दाखवणार त्यांना.