मोरोगोरो, मलेरिया आणि रात्रीचे दोन

टीव्ही बघणं मी कधी बंद केलं ते आठवतच नाही, ठरवून असं काही नाही, मोबाईल हातात आला आणि सुटलं ते सुटलंच. तो परत भेटला टांझानियात, मोरोगोरोला. दार-एस-सलामपासून साधारण १९० किमी आत, उलुगुरू डोंगराच्या पायथ्याशी. तिथल्या एका शाळेत कॉम्प्युटर शिकवायला व्हॉलंटियर म्हणून गेले होते आणि तिसऱ्याच आठवड्यात मलेरिया!

बोटाला टोचून टेस्ट केली, लगेच पॉझिटिव्ह. गोळ्यांना तिथे 'मसेतो' म्हणतात, दोन औषधांचं मिश्रण म्हणून, आणि मुगाच्या खिचडीलाही हेच नाव आहे. तीन दिवसांत २४ गोळ्या, एका वेळी चार, त्याही दुधासोबत, नाहीतर नीट लागू पडत नाहीत. पहिला डोस दुपारी बाराला झाला, पुढचा 'सा म्बिली'ला घ्या म्हणाल्या नर्स. तिथल्या स्वाहिली भाषेत म्बिली म्हणजे दोन, म्हणून मी रात्री दोनचा गजर लावून आडवी झाले.

आडवी कुठे तर हॉलमधल्या सोफ्यावर. ज्यांच्या घरी राहत होते त्या मामांना (तिकडे आईला मामा म्हणतात, आपल्या तोंडाला बसायला वेळ लागतो) आजारी माणसाने खोलीत एकटं पडायचं हे पटतच नव्हतं. मोबाईलकडे बघितलं की डोळ्यांमागे ठणकायचं, मग समोर जे चाललंय ते बघत पडले. बातम्या लागल्या, निवेदक म्हणाला सा म्बिली उसिकु, म्हणजे रात्रीचे दोन, आणि भिंतीवरच्या घड्याळात आठ! तापातसुद्धा ट्यूब पेटली. स्वाहिलीत सकाळी सातला एक वाजतो आणि संध्याकाळी सातला परत एक, म्हणजे रात्रीचे दोन म्हणजे आपले आठ. हे सगळं येण्याआधी वाचलं होतं बरं का मी. मामा हसत हसत दूध गरम करायला गेल्या.

पुढचे चार दिवस मग टीव्हीच. तुर्की सिरियल, तीही स्वाहिलीत डब केलेली, मामा मागची भानगड सांगायच्या, मला निम्मं कळायचं आणि तरी सासूचा राग यायचा. बातम्या तर चक्क कळायला लागल्या. हबारी म्हणजे खबर, सेरिकाली म्हणजे सरकार, वाझिरी म्हणजे मंत्री. फारसी-अरबी शब्द त्यांच्याकडेही गेले आणि आपल्याकडेही आले. मला वाटलं ही भाषा आपल्याला येतेच आहे की.

शेजारीपाजारी बघायला यायचे, 'उगुआ पोले' म्हणायचे, शब्दशः बघितलं तर सावकाश आजारी पड, आणि बसायचे ते टीव्ही बघतच. घरातले बाबू, म्हणजे आजोबा, म्हणाले आमच्याकडे मुख्य भूमीवर टीव्ही आला तोच १९९४ला, झांझिबार बेटावरच्यांकडे त्याआधी वीस वर्षं होता. ही तक्रार त्यांनी अजून सोडलेली नाही.

बरं वाटायला लागलं त्या शनिवारी सिम्बा विरुद्ध यांगाची मॅच होती. दार-एस-सलाममधले हे दोन फुटबॉल क्लब, अख्खा देश यांच्यात वाटलेला. आमच्या घरात मामा सिम्बा आणि बाबू यांगा, हॉलमध्ये पंधरा माणसं, आणि सेकंड हाफमध्ये वीज गेली. म्हणजे गेली नाही, प्रीपेड मीटरचे युनिट संपले. मामांनी फोनवरून लगेच रिचार्ज केलं, मीटरमध्ये टाकायचा २० आकडी नंबर आला, मीटरजवळ मीच उभी होते म्हणून मामा एकेक आकडा सांगायला लागल्या आणि मी दाबायला लागले. मीटर काही घेईना. परत सांगितलं, परत नाही. तिसऱ्यांदा एक पोरगं येऊन बघायला लागलं आणि ओरडलं. मामा 'सिता' म्हणत होत्या आणि मी बिनधास्त सात दाबत होते.

सिता म्हणजे सहा.

लाईट आली तेव्हा यांगाचा एक गोल होऊन गेलेला. बाबू मला पुढे निघेपर्यंत 'सिता' म्हणूनच हाक मारायचे.